बत्तिसाच्या आत

तक्तेवाल्यांचा मूळ धंदा कवळ्या करण्याचा. दातांच्या दवाखान्यामागच्या खोलीत, खिडकीजवळच्या टेबलावर, समोर मेण वितळवायचा दिवा आणि हातात बारीक कानस घेऊन ते वीस वर्षं बसत आले होते. वरचा दात खालच्या दातावर केसभर जरी चुकीचा टेकला तरी त्यांना नुसत्या आवाजावरून कळायचं. अशा माणसाने लोकांच्या तोंडाचं भलं करावं आणि सुखाने म्हातारं व्हावं. पण थोरलीने नवव्या वर्षी टेनिसच्या एका स्पर्धेत दोन मॅच जिंकल्या, आणि कोणीतरी त्यांना सांगितलं की याचे पॉइंट मिळतात. तिथून माणूस हातचा गेला.

खोलीच्या भिंतीवर दातांच्या रंगांचे नमुने टांगलेले असायचे. ते खाली उतरले आणि तिथे चौदा वर्षांखालच्या मुलींचा तक्ता चढला. चारशे मुली, त्यांचे क्रमांक, त्यांचे पॉइंट, कोणाचे कधी संपतात, कोण कोणत्या स्पर्धेला नाव देणार आणि कोण ऐनवेळी काढून घेणार. तक्तेवाले हे नाव क्लबातल्या इतर पालकांनी ठेवलं होतं. तो टोमणा आहे हे त्यांच्या लक्षात आलं नाही. त्यांना तो मानाचा फेटा वाटला.

तक्ता समजायला सोपा होता, निदान तक्तेवाल्यांना. ज्युनिअर स्पर्धांचे पाच दर्जे. पहिल्या दर्जाची स्पर्धा वर्षातून एकदा, आणि तिथे यादीतल्या वरच्या बत्तीस मुलींनाच थेट प्रवेश. पाचव्या दर्जाची मात्र दर आठवड्याला कुठे ना कुठे चालू असतेच. दोन कोर्टं आणि एक पाण्याचा नळ असला की झालं. पहिल्या दर्जाची जिंकली तर अडीचशे पॉइंट, पाचव्या दर्जाची जिंकली तर पंचवीस. वर्षभरात कितीही खेळा, सगळ्यात चांगले आठ निकालच मोजायचे. आणि कमावलेला पॉइंट टिकतो बावन्न आठवडे. त्यानंतरच्या सोमवारी तो यादीतून पुसला जातो, मग तो मिळवताना पोरीचा गुडघा फुटलेला असो नाहीतर परीक्षा बुडलेली असो.

यावरून कोणीही शहाणा माणूस म्हणेल की मुलीला चांगलं खेळायला शिकवा. तक्तेवाले दीडशहाणे होते. चांगलं खेळण्यापेक्षा चांगल्या मुली जिथे येत नाहीत तिथे जाणं सोपं, हा शोध त्यांनी लावला. हुशार खेळाडू परीक्षेच्या आठवड्यात घरी बसतात हे त्यांनी हेरलं. कोर्टाला भेगा असल्या, गाव आडबाजूला असलं, राहायची सोय वाईट असली की तक्तेवाल्यांचा चेहरा उजळायचा. "ढेकूण आहेत म्हणे तिथल्या लॉजमध्ये," ते बायकोला आनंदाने सांगायचे. "वरच्या वीसमधली एकही येणार नाही बघ."

बायको शाळेत विज्ञान शिकवायची आणि तिला शंका विचारायची सवय होती. "पोरगी टेनिस खेळतेय की तुम्ही पत्ते खेळताय?" ती विचारायची. यावर तक्तेवाले तिला तक्ता समजावू लागायचे, आणि ती भाजी चिरायला उठून जायची.

एकदा थोरलीच्या समोरची मुलगी तापाने फणफणली. तक्तेवाल्यांना वाटलं, देव पावला. तेवढ्यात कोणीतरी नियम सांगितला की न खेळता पुढची फेरी मिळाली तर त्या फेरीचे पॉइंट मिळत नाहीत. समोरची निदान कोर्टवर उतरून मग थांबली तर मिळतात. तक्तेवाले स्वतः औषधाच्या दुकानात धावले, तापाच्या गोळ्या आणल्या, त्या मुलीच्या उशाशी बसले आणि म्हणाले, "दोन गेम तरी खेळ, बाळा." तिच्या आईच्या डोळ्यांत पाणी आलं. इतका मायाळू माणूस तिने पाहिला नव्हता.

धाकटी अकरा वर्षांची होती. तक्त्यात ती नव्हती, त्यामुळे घरातही ती जराशी कमीच होती. थोरलीला सरावाला समोर कोणीतरी हवं म्हणून ती कोर्टवर उभी राहायची, थोरलीची जुनी रॅकेट घेऊन, आणि प्रवासात मागच्या सीटवर पिशव्यांमध्ये पुस्तक वाचत बसायची. क्लबातले सर एकदा म्हणाले होते, "धाकटीलाही उतरवा की स्पर्धेत." तक्तेवाले हसले. "एकीचं करता करता नाकी नऊ आलेत, सर."

नाकी नऊ आले होते हे खरं. थोरलीचं चौदाखालचं हे शेवटचं वर्ष. पुढच्या वर्षी वरच्या गटात पुन्हा शून्यापासून सुरुवात. पहिल्या दर्जाच्या स्पर्धेची यादी सोमवारी बंद व्हायची होती आणि थोरली सदतिसावी होती, एकशे एकतीस पॉइंट. बत्तिसाव्या मुलीचे एकशे अडतीस. लोकांच्या बत्तिशा बसवणाऱ्या माणसाची पोर बत्तिसाच्या बाहेर राहावी, याची त्यांना रात्रंदिवस टोचणी होती. थोरलीच्या आठ निकालांतला सगळ्यात हलका होता दहा पॉइंटांचा. पाचव्या दर्जाच्या स्पर्धेत फायनल गाठली की अठरा. दहा जाऊन अठरा आले की एकशे एकोणचाळीस. सेमीफायनलला हरली तर बारा, म्हणजे एकशे तेहेतीस, म्हणजे वर्षभराची धावपळ पाण्यात. फायनल जिंकायचीही गरज नव्हती, गाठायची होती. तक्तेवाल्यांनी शनिवारी दोन्ही पोरींना गाडीत घातलं आणि सहा तासांवरच्या एका गावी नेलं, जिथे कोर्टाला भेगा होत्या.

रविवारी सकाळी बघितलं तर भेगा त्यांच्या अपेक्षेपेक्षाही जास्त निघाल्या. इतक्या, की मुलीच आल्या नाहीत.

"सात," रेफरीबाई म्हणाल्या. या निवृत्त व्यायामशिक्षिका. डोक्यावर कापडी टोपी, हातात पुठ्ठ्याला लावलेले कागद, आणि चाल अशी की पावलागणिक कोर्ट मोजतायत. "आठवीची गाडी वाटेत बंद पडली. नऊला सह्या संपतात. आठ नसल्या तर स्पर्धा होईल, कपही मिळेल, पण पॉइंट मिळणार नाहीत."

तक्तेवाल्यांच्या तोंडचं पाणी पळालं. बाकीच्या सहा मुलींचे वडीलही कुठल्या ना कुठल्या अठरासाठी किंवा बारासाठी आले होते. तेही पांढरे पडले. झाडलोट करणाऱ्या बाईंना मुलगी आहे का, अशी चौकशी झाली. होती, पण सतरा वर्षांची. एकाने रस्त्यावर जाऊन सायकलवरच्या दोन मुलींना थांबवलं, तर त्या घाबरून पळून गेल्या. नऊला दहा मिनिटं होती.

रेफरीबाईंनी कागदावरून डोळे न उचलता विचारलं, "ती बाकावर वाचत बसलीय ती कोणाची?"

सगळ्यांनी वळून पाहिलं.

"माझी," तक्तेवाले म्हणाले. "पण ती काही..."

"वय?"

"अकरा."

"चालेल. काखेत कळसा आणि गावाला वळसा कशाला घालताय?"

मोबाईलवर अर्ज भरला गेला, धाकटीने थोरलीचा जादा टी-शर्ट घातला, तो गुडघ्यांपर्यंत आला, आणि स्पर्धा अधिकृत झाली. सहा बापांनी तक्तेवाल्यांचे हात हातात घेऊन आभार मानले. धाकटीचे कोणी मानले नाहीत, पण ती पुस्तकात होती.

थोरलीला पहिलं मानांकन. बाकीच्यांच्या चिठ्ठ्या रेफरीबाईंच्या टोपीतून निघाल्या. थोरलीची पहिली मॅच लांबली; पहिला सेट गेला, दुसरा कसाबसा आला, तिसऱ्यात तक्तेवाले जाळीला बोटं अडकवून उभे होते आणि मनातल्या मनात एकशे एकोणचाळीस म्हणत होते. थोरली जिंकली. त्यांचा जीव भांड्यात पडला. तेव्हा कुठे त्यांना आठवलं की दुसऱ्या कोर्टवरही आपलंच कोणीतरी आहे.

"ती कधीच संपली," रेफरीबाई म्हणाल्या. "सहा-एक, सहा-शून्य. जिंकली."

"समोरची मुलगी आजारी होती का?"

रेफरीबाईंनी पहिल्यांदाच त्यांच्याकडे नीट पाहिलं. "नाही हो. तुमची पोरगी खेळते."

तक्तेवाल्यांनी हे वाक्य शिष्टाचार म्हणून स्वीकारलं. त्यांचं लक्ष पुढच्या ओळीवर होतं. सेमीफायनल, थोरली विरुद्ध धाकटी. म्हणजे घरचीच मॅच. रोज संध्याकाळी थोरली जी जिंकते तीच. हसावं की नाचावं त्यांना कळेना. तरीपण थोरली थकली होती, तीन सेट खेळली होती, आणि तक्तेवाले नशिबावर काही सोडणाऱ्यांतले नव्हते. रोलर आणि जुन्या जाळ्या ठेवायच्या खोलीमागे ते धाकटीला घेऊन गेले.

"हे बघ, ताईला फायनल गाठायचीच आहे. आजच. कळलं?"

"माहितीये."

"म्हणजे तू फार जोर लावू नकोस."

"मी कुठे लावते?"

"तसं नाही, म्हणजे..." सगळे नियम तोंडपाठ असलेल्या माणसाला हे कोणत्या नियमात बसतं हेही ठाऊक होतं.

धाकटीने त्यांची सुटका केली. "कळलं बाबा. घरी देते तशीच देईन."

"घरी काय देतेस?"

"मॅच."

तक्तेवाले हसले, कारण मुलं गमतीने काहीही बोलतात. ती हसत नव्हती.

"कधीपासून?"

"मागच्या सुट्टीपासून. तेव्हा एकदा ताई हरली ना माझ्याशी, तुम्ही नव्हता त्या दिवशी. घरी येऊन ती जेवलीच नाही. मग तुम्ही आलात आणि विचारलंत, सराव कसा झाला, तर ती बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसली. आईने किती हाका मारल्या." धाकटी बुटाच्या टोकाने मातीत रेघ ओढत होती. "मग मी पुन्हा नाही जिंकले. सहा-चार, सहा-चार करू? सहा-शून्य केलं की तिला संशय येतो."

चारशे मुलींपैकी कोण कोणाला हरवेल हे तक्तेवाल्यांना झोपेतही सांगता आलं असतं. आणि एका छपराखाली झोपणाऱ्या दोन पोरींपैकी कोण बरी खेळते, हे त्यांना रोलरच्या खोलीमागे कळत होतं, तेही त्या दोघींपैकी एकीने सांगितलं म्हणून. तिला जवळ घ्यावं, म्हणावं, नको ग, खेळ तू, तुला येतं तेवढं सगळं खेळ. हे सगळं त्यांच्या मनात आलं. तोंडातून निघालं ते असं:

"बघ, तुला जमेल तसं."

एवढ्यात रेफरीबाईंनी दोघींना कोर्टवर बोलावलं, म्हणून बोलायला वेळ मिळाला नाही, असं ते पुढे स्वतःला सांगत राहिले. वेळ होता. रेफरीबाई फार सावकाश चालत.

तक्तेवाल्यांनी धाकटीला खेळताना त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिलं. ती चेंडूकडे धावत नव्हती. चेंडू येईल तिथे ती आधीच असायची. मग ती तो मारायची, आणि तो रेषेबाहेर दोन बोटांवर पडायचा. चुकलेला चेंडू कसाही जातो, कधी हातभर बाहेर, कधी जाळीत. हे चेंडू दोन बोटं बाहेर जात होते. दर वेळी दोनच बोटं. वीस वर्षं केसाच्या मापाने काम केलेल्या माणसाला अचूकपणा कशाला म्हणतात हे कोणी शिकवायला नको होतं. ही पोर चुकत नव्हती. ती चुका घडवत होती, आणि त्यांच्या खोलीतली कुठलीही कवळी इतकी नेमकी बसली नव्हती.

अंपायर नव्हता. पाचव्या दर्जात तो परवडत नाही. आपल्या बाजूला पडलेल्या चेंडूचा निवाडा मुली आपणच करतात. दुसऱ्या सेटमध्ये चार-चार असताना धाकटीचा एक चेंडू रेषेजवळ पडला. थोरली थबकली. ती मुळात सरळ पोर होती. "आत होता बहुतेक," ती म्हणाली.

"बाहेर होता, ताई," धाकटी पलीकडून म्हणाली. "मी बघितला."

जाळीबाहेर उभ्या असलेल्या एका वडिलांना गहिवरून आलं. "काय संस्कार आहेत हो तुमच्या मुलींवर," ते तक्तेवाल्यांना म्हणाले. तक्तेवाल्यांनी मान खाली घातली, आणि त्या गृहस्थांनी तो विनय समजला.

सहा-चार, सहा-चार.

थोरली धावत बाहेर आली, लाल झालेली, घामाने निथळत. "झालं ना, बाबा? बत्तीसच्या आत?"

"झालं. एकशे एकोणचाळीस."

तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. वर्षभरात तिला इतकं खूश त्यांनी पाहिलं नव्हतं, आणि त्या खुशीकडे त्यांना नीट बघवेना. मग तिने धाकटीच्या खांद्यावर हात टाकला. "तू पण बरी खेळलीस ग आज. बॅकहँडला पाय हलव जरा, मग जमेल तुला."

"हो, ताई."

थोरली आईला फोन करायला गाडीकडे पळाली. धाकटी तिथेच उभी राहिली, टी-शर्टच्या टोकाने मान पुसत. तिने विचारलं, "बरोबर झालं ना?"

तक्तेवाल्यांना लाज वाटली. अंगभर वाटली, कानापर्यंत. "बरोबर झालं," ते म्हणाले.

"मग आता घरी खरं खेळू? आता तर तिचं झालंय ना."

लाज खरी होती, त्यात खोट नव्हती. पण ती वाटत असतानाच डोक्यात आकडे जुळायला लागले होते. पहिल्या दर्जाच्या स्पर्धेला तीन आठवडे. एवढ्यात थोरलीचा धीर खचला तर पहिल्याच फेरीत बाहेर. दुसरी फेरी गाठली तर चाळीस पॉइंट.

"एवढी एक स्पर्धा होऊ दे तिची," तक्तेवाले म्हणाले. "मग खेळ."

धाकटीने मान डोलावली. "बरं," ती म्हणाली.