मेलेआनेची चटई

आमच्या फोआ बेटावर चांगली चटई गादीखाली ठेवतात. येणाऱ्या-जाणाऱ्याच्या नजरेला ती पडू देत नाहीत. ओफेइनाने मात्र दमटपणा जावा म्हणून त्या सोमवारी सकाळी आपली चटई अंगणात उन्हात पसरली.

ओफेइना माझी शेजारीण, वय बावन्न. केवड्याची पाने उकळून, समुद्रात भिजवून, पांढरी करून त्यांच्या दोऱ्याएवढ्या पट्ट्या काढायच्या आणि गावातल्या बायकांबरोबर बसून विणायचे, यातच तिचे दिवस गेले. ही चटई कापडासारखी मऊ होती. मुलीच्या, मेलेआनेच्या लग्नासाठी तिने ती तीन वर्षे विणली. लग्न चार आठवड्यांवर आले होते.

त्याच सकाळच्या बोटीने ओफेइनाची थोरली नणंद हुलिता आली. बहिणीने भावाच्या घरातले काही मागितले, तर आमच्याकडे नाही म्हणता येत नाही.

हुलिता वाकून चटईवरून हात फिरवू लागली.

"हात चालतोय गं तुझा अजून. मला वाटलं, आता जाड विणीच्या टोपल्यांवर आली असशील."

"सावलीत बसा ना वन्सं. शहाळं आणते."

"शहाळं राहू दे. शनिवारी माझ्या थोरल्याचं लग्न आहे ऑकलंडला. ही नेते मी."

"ती मेलेआनेची..." ओफेइना एवढेच म्हणाली.

"तिच्या लग्नात मानाच्या जागी मीच बसणार ना? मला तुम्ही गोणपाट अंथरलंत तरी चालेल," म्हणून हुलिता हसली.

ओफेइनाने नवऱ्याकडे पाहिले. सेमिसी घराच्या कोपऱ्याशी उभा होता. थोरली बहीण असते तिथे भाऊ जवळ येत नाही, मोठ्याने बोलतही नाही. तो जमिनीकडे बघत हळूच म्हणाला, "ताईला मोठी पिशवी दे."

ओफेइनाने चटई स्वतःच गुंडाळली. "घडी घालू नका वन्सं, मोडते," एवढे सांगून पिशवी बोटीपर्यंत पोचवली.

संध्याकाळी मेलेआने न जेवताच झोपली. सेमिसीने बराच वेळ घसा खाकरला.

"अजून चार आठवडे आहेत," तो म्हणाला.

"चार आठवड्यांत चार बोटंच विणून होतात," ओफेइना म्हणाली आणि त्याचे ताट वाढायला उठली.