मावशीची जर्मनशी भांडणं

जर्मन भाषेचा माझ्या मावशीइतका राग अख्ख्या बडोद्यात कुणी केला नसेल. हा राग ती रोज सकाळी सहा वाजता, आंघोळ करून, वही उघडून करते. गोत्रीतल्या तिच्या सोसायटीत वरच्या मजल्यावरच्यांना आता 'डेर, डी, डास' ही जर्मनची तिन्ही लिंगं पाठ झालीत. मावशीला मात्र कुठलं कशाला लावायचं ते अजून छातीठोक सांगता येत नाही. "सूर्याला बाई केलंय आणि चंद्राला बुवा! ह्यांना जरा मान वर करून बघायला काय झालं होतं?" असं ती मला विचारते, जणू हे मीच ठरवलंय. एकवीसला ते लोकही 'एक आणि वीस' म्हणतात हे कळलं, त्या दिवशी तेवढी ती पाच मिनिटं खूश होती.

तीस वर्षं रेल्वेच्या तिकीट खिडकीमागे बसून मराठी, गुजराती आणि हिंदी अशा तिन्ही भाषांत माणसं सरळ केलेली ही बाई. तिच्या मुलानं, म्हणजे माझ्या मावसभावानं, जर्मनीतच लग्न केलं आणि व्हिडिओ कॉलवर तो दुभाष्या झाला. तिथेच ठिणगी पडली. मावशी सुनेला दहा मिनिटं काहीतरी कळकळीनं सांगायची आणि तो चार शब्दांत उरकायचा.

"एवढंच? बाकीचं कुठे गेलं?"

"आई, सारांश सांगितला."

"मी काय बातम्या देतेय? माझं बोलणं तिला तसंच्या तसं पोचलं पाहिजे!"

दुसऱ्याच दिवशी, वयाच्या चौसष्टाव्या वर्षी, तिनं क्लासला नाव घातलं.

पहिल्या परीक्षेत नापास. दुसऱ्या वेळी लेखीत सुटली, पण तोंडीत परीक्षकानं मध्येच थांबवलं म्हणून त्याच्याशी भांडली, तेही गुजरातीत. निकाल घेऊन आम्ही घरी आलो. तिनं पुस्तक भिंतीवर फेकलं आणि कोचावर जाऊन बसली. आता ही सोडतेय की काय, अशी मला भीतीच वाटली. तेवढ्यात क्लासच्या तरुण बाईंचा फोन आला : "मासी, धीमे धीमे आवडी जशे." गुजरातीत आवडणं म्हणजे जमणं, हे मावशीला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक, तरी फोन ठेवून ती मराठीत कडाडली, "आवडणार तर नाहीच मेली! पण येणार. कशी येत नाही बघतेच." आणि पुस्तकाला चिकटपट्टी लावायला मला बसवलं.

मागच्या हिवाळ्यात एका रविवारी दुपारी मी तिच्याकडे जेवायला गेलो होतो. कॉल लागला. सुनेचे डोळे सुजलेले.

"काय झालं हिला?"

"काही नाही गं, सर्दी," मावसभाऊ म्हणाला. सून त्याच्याकडे बघत हळूच काही पुटपुटली. मावशी ताठ झाली.

"सर्दी? तिची आई गेली म्हणतेय ती! मला कळलंय!"

"पुढच्या आठवड्यात तुझं गुडघ्याचं ऑपरेशन, म्हटलं उगाच..."

"बाजूला हो. मी बोलते."

त्यानं फोन सुनेच्या हातात दिला आणि मावशीचं सगळं जर्मन पळालं. "इख... इख..." तिनं संतापून स्वतःच्याच मांडीवर बुक्की मारली. शेवटी एवढंच आलं : "इख बिन डा." मी आहे.

पलीकडे सून हुंदके देऊ लागली, आणि मग आईबद्दल बोलायला लागली. भराभर, न थांबता. मावशीला त्यातलं चार आणे कळलं असेल. फोन तोंडाजवळ धरून, प्रत्येक वाक्याला मान हलवत, ती अर्धा तास ऐकत राहिली.

कॉल संपल्यावर डोळे पुसत म्हणाली, "आईला ती सारखं काहीतरी म्हणत होती. तो शब्द शोध जरा."

आम्ही दोघांनी कोश पालथा घातला. शब्द सापडला नाही. घरातल्या घरात आईला हाक मारायचा असेल, तो कोशात कुठून येणार? मावशीनं तो, जसा कानावर पडला तसा, देवनागरीत वहीत लिहून ठेवला.