भाऊंना मी पाठवलं

पोंभुर्णा तालुक्यातल्या ज्या गावात माझी शाळा होती, त्याच गावात मी एका जोडप्याच्या घरी भाड्यानं राहायची. पुढची खोली माझी, मागचं घर आणि आंगण त्यांचं. दोघंही साठीच्या पुढचे. एकुलती लेक लग्न होऊन गडचिरोलीकडे गेलेली. मी त्यांना भाऊ आणि बाई म्हणायची. ते मला मॅडम म्हणायचे, पण मी आजारी पडले की बाईंच्या तोंडून 'पोरी' निघायचं.

भाऊंना स्वस्थ बसणं माहीत नव्हतं. धानाची कापणी झाली की दोर वळायचे, दोर झाले की कुंपण बांधायचे, आणि काहीच नसलं तर माझ्या दाराची बिजागरी उगाच काढून परत बसवायचे. "करकर वाजते म्हनून," असं कारण द्यायचे. मला तर कधी करकर ऐकू आली नाही.

कोरोनाची दुसरी लाट आली तेव्हा शाळा बंदच होत्या आणि आम्हा शिक्षकांना घरोघर तपासणीचं काम दिलं होतं. मी आणि गावातली आशाताई सकाळी निघायचो. ताप बघायचा, बोटाला ऑक्सिमीटर लावायचा, कुणाचं कमी दिसलं तर तालुक्याला कळवायचं. मोहफुलांचे दिवस होते. माणसं पहाटेच रानात गेलेली असायची आणि जी घरी असायची ती आम्हाला बघून दार लोटून घ्यायची. खोकल्याचा आवाज दाराबाहेर यायचा आणि आतून कुणीतरी सांगायचं, "इथी कोनीच बिमार नाई."

लोकांना आजाराची भीती कमी होती, दवाखान्याची जास्त. चंद्रपूरला नेलेला माणूस प्लास्टिकमध्ये गुंडाळून जाळतात, घरच्यांना तोंडही दाखवत नाहीत, हे गावात सगळ्यांना माहीत होतं. मी दारोदार समजावत होते. खरं सांगायचं तर मला ते छान जमायचं. आवाज चढवायचा नाही, समोरच्याचं सगळं ऐकून घ्यायचं आणि मग आपलं म्हणणं सांगायचं. आशाताई म्हणायची, "मॅडम, तुमी बोलल्या का लोक मानतेत."

एका सकाळी भाऊ आंगणात खाटेवर बसलेले दिसले. हातात काही काम नव्हतं. मी जवळ गेले तर श्वास वरवर चालला होता, आणि तरी माझ्याकडे बघून हसले. मी बोटाला ऑक्सिमीटर लावला. आकडा चौऱ्याऐंशीवर येऊन थांबला. दुसऱ्या बोटाला लावला, हात चोळून पुन्हा लावला. तेच.

"भाऊ, चंद्रपूरला जावं लागते."

"मले काई नाई झालं. उनाचा ताप हाय."

"ताप नाही, ऑक्सिजन कमी झाला आहे. तिथं नळी लावतील, बरं वाटेल."

बाई दारात येऊन उभ्या होत्या. म्हणाल्या, "तिकडं नेलेला मानूस वापस येत नाई म्हनते, मॅडम."

"येतात बाई. वेळेवर गेले तर येतात. उशिरा नेतात म्हणून तसं होते."

हे मी मनापासून बोलत होते. वर्तमानपत्रातही तेच होतं, आम्हाला दिलेल्या सूचनांतही तेच होतं. मी भाऊंच्या समोर बसले आणि बराच वेळ बोलले. शेवटी त्यांनी बाईंकडे बघितलं आणि म्हणाले, "मॅडम म्हनते त जाऊन पाहतो. आपल्या वाईटाचं थोडी सांगन ते?"

ॲम्ब्युलन्स दुपारी आली. बाईंनी एका पिशवीत दुपट्टा, लुंगी आणि भाताचा डबा भरला. त्यांनाही सोबत जायचं होतं, पण ड्रायव्हरनं हात आडवा केला. मी बाईंच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "आठ-दहा दिवसांत घरी येतील. मी आहे ना."

संध्याकाळी भाऊंचा फोन आला. आवाज अगदी बारीक. ते अजून गाडीतच होते. एका दवाखान्यानं जागा नाही म्हणून परत पाठवलं, दुसऱ्याच्या दारात गाडी उभी होती आणि पुढे आणखी गाड्या होत्या. मी ओळखीच्या सगळ्यांना फोन लावले. तालुक्याच्या केंद्रातला एकुलता एक डॉक्टर स्वतः तापानं पडलेला होता. तो म्हणाला, "मॅडम, मी माझ्या सासऱ्यासाठी सकाळपासून बेड शोधतोय." लोक आपल्या रुग्णांना इकडून तेलंगणात नेत होते आणि तिकडच्या सीमेवरून परत येत होते. मी सगळ्यांना तेच विचारत होते आणि सगळे मला तेच सांगत होते.

अंधार पडता पडता त्यांना जागा मिळाली. एका मोठ्या हॉलमध्ये खाटा टाकून तात्पुरता दवाखाना केला होता. दुसऱ्या दिवशी भाऊ बोलले तेव्हा आवाज जरा बरा होता. "इथी सब दूर मानसंच मानसं हायेत. बाजूच्या खाटेवरचा काल बोलत होता, आज नाई दिसत." मग म्हणाले, "मॅडम, मले कवा नेता?"

"लवकर," मी म्हटलं.

त्यानंतर त्यांचा फोन बंद झाला. चार्जर पिशवीत टाकायचं आमच्या कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. मी दवाखान्यात फोन लावायची. कुणी उचलला तर म्हणायचे, बघून सांगतो, आणि मग पुन्हा कुणी उचलायचं नाही. बाई रोज माझ्या दाराशी येऊन उभ्या राहायच्या. विचारायच्या काहीच नाहीत. मीच म्हणायची, "चांगले आहेत म्हणे."

बातमी आली ती सकाळची. बाई मोह वेचायला गेल्या होत्या. लेकीला फोन करून सांगावं आणि तिनं आईला सांगावं, असंही माझ्या मनात येऊन गेलं. पण पाठवताना मी बोलले होते, तर हेही मलाच सांगायला पाहिजे होतं. तळ्याच्या पाळीवरून मी रानाच्या कडेला गेले. बाई झाडाखाली वाकून फुलं वेचत होत्या. मला त्या वेळी तिथं आलेलं बघितलं आणि त्या उभ्या राहिल्या. मी काही बोलायच्या आधीच पुन्हा वाकल्या. झाडाखालचं एकेक फूल वेचून टोपलीत टाकलं. मी बाजूला उभी होते. शेवटी टोपली उचलून डोक्यावर घेतली आणि म्हणाल्या, "चाल."

वाटेनं त्या रडल्या नाहीत. आंगणात टोपली उतरवली आणि मग जमिनीवर हात आपटून असा हंबरडा फोडला की शेजारची माणसं बाहेर आली. जवळ मात्र कुणी आलं नाही. मी जवळ गेले, त्यांनी माझा हात धरला आणि सोडला नाही. त्यांनी मला ढकललं असतं तर बरं झालं असतं, असं मला तेव्हा वाटलं. अजूनही वाटते.

लेकीला तिकडून निघता आलं नाही. माझ्या स्कूटीवर मी बाईंना चंद्रपूरला घेऊन गेले. स्मशानाच्या बाहेर बरीच माणसं आपापल्या पाळीची वाट बघत उभी होती. आम्हाला दोरीच्या अलीकडे थांबवलं. पांढऱ्या कपड्यांतल्या दोघांनी एक गुंडाळलेला देह उतरवला आणि भाऊंचं नाव मोठ्यानं घेतलं.

बाईंनी मला विचारलं, "हाच हाय का?"

"हो."

"तोंड त दिसत नाई. कसं समजलं तुले?"

मला काहीच समजलं नव्हतं. तशाच आकाराचे आणखी दोन बाजूला ठेवलेले होते. तरी मी म्हणाले, "तेच आहेत, बाई." त्यांनी मान हलवली आणि हात जोडले. दुसऱ्यांदा मी त्यांना खात्री दिली, आणि दुसऱ्यांदा त्यांनी ती मानली.

त्यानंतर गावात आम्ही तपासणीला निघालो की माणसं शेताकडे पळायची. माझ्यावर कुणी ओरडलं नाही, पण मी दिसले की बोलणं थांबायचं. एका माणसाचा आकडा भाऊंसारखाच खाली गेला होता. घरच्यांनी त्याला शेतातल्या झोपडीत लपवून ठेवलं, आणि तो तिथं बरा झाला. दुसऱ्या एका बाईला असंच लपवलं आणि ती तिथंच गेली. यातून काय समजायचं, हे मी आशाताईला विचारलं. ती म्हणाली, "मॅडम, मले इचारू नका. माह्या घरात बी दोघं पडले हायेत." मग आम्ही दोघी पुढच्या घराकडे गेलो.

असेच थोडे दिवस गेले आणि राजुऱ्याहून धाकट्या बहिणीचा फोन आला. बाबांना ताप होता, दम लागत होता. बाबा कोळसा खाणीत नोकरीला होते. निवृत्तीनंतर त्यांची छाती तशीही नाजूकच होती. बहीण विचारत होती, "चंद्रपूरला नेऊ का? तूच सांग, तुला यातलं समजते."

मी कपडे पिशवीत कोंबत होते. बाई दारात आल्या. भिंत पातळ होती, त्यांना सगळं ऐकू गेलं होतं.

"बाप हाय का?"

"हो."

त्या आत आल्या. भाऊ गेल्यापासून पहिल्यांदाच त्या माझ्या खोलीत आल्या होत्या. म्हणाल्या, "पोरी, तुह्या बापाले नेऊ नको तिकडं. जे कराचं ते घरी कर. तुह्या डोयासमोर ठेव त्याले."

मी त्यांच्याकडे बघू शकले नाही. भाऊंच्या वेळी त्यांचंही हेच म्हणणं होतं, आणि मी ते शांतपणे, गोड बोलून खोडून काढलं होतं.

मी बाबांना चंद्रपूरला नेलं नाही. राजुऱ्यातल्या आमच्या डॉक्टरांना फोन केला तर तेही म्हणाले, बेड कुठंच नाही, नेऊन गाडीतच ठेवाल, त्यापेक्षा सिलेंडर मिळत असेल तर घरीच बघू. बहिणीनं ओळखीतून सिलेंडर मिळवला. डॉक्टर दिवसातून दोनदा फोनवर सांगायचे, आम्ही तसं करायचो. मी बाबांच्या उशाशी बसून त्यांची छाती वरखाली होताना बघत राहायची. पालथं झोपवायची, पाणी पाजायची, पाठ चोळायची. आणि प्रत्येक वेळी मला वाटायचं की हे सगळं बाईंनाही करता आलं असतं. मी त्यांच्या हातातून ते काढून घेतलं. भाऊ वाचले असते की नाही, मला माहीत नाही. घरात सिलेंडर नव्हता, डॉक्टर नव्हता, कदाचित त्याच दिवशी गेले असते. पण पाण्यासाठी त्यांनी कुणाला हाक मारली असेल आणि कुणी ऐकली असेल का, हा विचार मला बाबांच्या खाटेजवळ बसून यायचा.

बाबा सावरले. एका सकाळी त्यांनी चहा मागितला, वर साखर कमी आहे म्हणून कुरकुर केली. आई पदरात तोंड घालून रडली. मी मागच्या आंगणात गेले आणि धुतलेले कपडे पुन्हा धुवायला घेतले. घरात आनंद होता आणि तो मला अंगाला लावून घेता येत नव्हता.

गावात परत आले तेव्हा बाईंनी आधी विचारलं, "कसा हाय बाप?"

"बरे आहेत."

"चांगलं झालं," त्या म्हणाल्या आणि खरंच त्यांचा चेहरा उजळला. त्या खोटं वागणाऱ्यांतल्या नव्हत्या. थोड्या वेळानं माझ्यासाठी भात आणि आंबाडीची भाजी घेऊन आल्या. मी सगळं खाल्लं आणि ताट घासून परत दिलं.

पुढे गावात लस आली. शाळेतच शिबिर होतं. घरोघर जाऊन लोकांना आणण्याचं काम पुन्हा आमचंच. मी दारात उभी राहायची, शिबिर कुठं आणि कधी ते सांगायची आणि वळायची. समजावणं माझ्यानं होईना. बाईंनी विचारलं, "घ्याची का सुई?"

"तुम्हाला वाटेल तसं करा, बाई."

"काऊन? पयले त एवढं बोलत होतीस." त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "तू घेतली का?"

"घेतली."

"मंग सरळ सांग ना का घ्या म्हनून. मी काय तुह्याशी भांडाले बसली हाय?"

मी त्यांना घेऊन गेले. त्यांनी बाही वर केली, तोंड दुसरीकडे फिरवलं, आणि सुई टोचताना माझं मनगट घट्ट धरलं. आमच्या गल्लीतल्या काही बायका बाईंना बघून मागाहून आल्या. कुणी मला म्हटलं, मॅडम, तुमच्यामुळं झालं. मी बाईंकडे बोट दाखवलं.

बाबांना बाईंना भेटायचं होतं. मी त्यांना सगळं सांगितलं होतं. "त्या बाईच्या पाया पडतो मी," असं ते म्हणायचे आणि मी काहीतरी कारण काढून टाळायची. जिवंत, धडधाकट बापाला त्या आंगणात कसं नेऊन उभं करायचं? पावसाळा गेला, धान निसवलं, तेव्हा ते न सांगताच बसनं आले. मी शाळेतून घरी आले तर आंगणात भाऊंच्या खाटेवर बाबा बसलेले, आणि समोर जमिनीवर बाई बसून लाखोळीची डाळ निवडत होत्या.

बाबा खूप बोलत होते. खाणीतल्या गोष्टी, माझ्या लहानपणीच्या गोष्टी, जे सुचेल ते. माझ्या लक्षात आलं की त्यांनाही थांबायची भीती वाटत होती. मी दारातच अडखळले. बाईंनी मला पाहिलं आणि म्हणाल्या, "चहा ठेव, दूध हाय घरात."

मी चुलीपाशी बसून चहा ठेवला. बाहेर बाबांचं बोलणं एकदाचं संपलं. सुपात डाळ पाखडल्याचा आवाज आला. मग बाईंनी विचारलं, "दम लागते का अजून, भाऊ?"

"थोडा लागते. पायऱ्या चढल्या का."

"मंग घाई करत नका जाऊ," बाई म्हणाल्या.