आधी मले विचार

जानेवारीतला दुसरा रविवार, नागपुरातला वृद्धाश्रम. हजर: इथं राहणारी माझी मावशी, तिला भेटायला आलेली मी, नवे डॉक्टर आणि शेजारच्या खाटेवरच्या काटोलकडच्या आजी.

मला आजींची नातेवाईक समजून डॉक्टरांनी विचारलं, "अम्मा को नींद आती है?"

आजींनी पदर ओठांवर ओढला आणि हातातली झोपेची गोळी डॉक्टरांना परत केली.

"मी इथंच बसून राहिली नं गा! तिले काहून विचारून राहिला? आपल्या बोलीत मले विचार, मंग गोळी दे."

आवाज जराही चढला नव्हता. डॉक्टर स्टूल ओढून बसले. "आजी, झोप येते?"

पदर खाली आला. "आता कसं! झोप येते, पण ह्या गोळीनं सकाळी चक्कर येते."

गोळी बदलली.

रात्रपाळीच्या सिस्टर मात्र आजींना काही न सांगताच सुई टोचतात. सिस्टरशी बोलायचं मी आजींना कबूल केलंय, ते अजून राहिलंय.