बघ्याला घातलेला जामा

जामा मी भलत्याच माणसाला घातला, तोही अख्ख्या मोहल्ल्यासमोर.

इस्तरवशन गावातलं आमचं पणजोबांचं घर पुन्हा उभं राहिलं होतं. धुरानं काजळलेलं ओसरीचं छत लाल-निळं झालं होतं, कलते खांब सरळ झाले होते. कारागिरांना मानानं निरोप द्यायचा म्हणून अंगणात पुलावाची कढई चढली होती. सुताराला टोपी आणि कमरपट्टा, भिंती लिंपणाऱ्या दोघी जावांना रेशमाचं कापड, इथवर सगळं ठीक चाललं होतं. मग मोहिराआत्यानं स्वतः खपून शिवलेला जामा, मानाचा लांब झगा, माझ्या हातात ठेवला. "छत रंगवणाऱ्या उस्तांना घाल. त्या कोपऱ्यात बसलेत बघ, पांढरी दाढी."

कोपऱ्यात पांढऱ्या दाढ्या दोन होत्या. मी राजधानीत, दुशान्ब्याला नोकरीला. काम चालू असताना एकदाही इकडे फिरकलो नव्हतो. दोघांतली भारदस्त दाढी निवडली. म्हातारा उठला, बाह्यांत हात घातले, पट्टा बांधून घेतला, छातीवर हात ठेवून दुवा दिली.

"अरे गाढवा, उस्ता नेमत ते शेजारचे!" आत्या माझ्या कानाशी फुत्कारली.

"मग हे कोण?"

आत्यानं सुताराकडे बघितलं, सुतारानं आत्याकडे.

"तुमचे काका ना ते?" सुतार म्हणाला.

"आमचे कुठले? मला वाटलं, तुमच्याबरोबर येतात."

काम सुरू झालं तेव्हापासून हा गृहस्थ रोज सकाळी यायचा, तुतीखाली बसायचा, दिवसभर छताकडे बघायचा, दुपारी सगळ्यांबरोबर जेवायचा आणि संध्याकाळी निघून जायचा. घरच्यांना वाटलं कारागिरांचा, कारागिरांना वाटलं घरचा. सगळेच आदबीनं सलाम करत होते.

आमच्याकडे अंगावर घातलेला जामा परत उतरवत नाहीत. आणि उस्ता जाम्याविना घरी गेला, तर बाजार त्याचा एकच अर्थ काढतो: काम फसलं. मग पुढच्या वसंतात त्याला कोण बोलावणार?

उस्ता नेमत चहाच्या पेल्यात बघत म्हणाले, "राहू दे रे पोरा. पण छत आवडलं नव्हतं, तर बाईंनी तसं तोंडावर सांगायचं."

आत्याचा चेहरा पडला. मी पाहुण्याकडे वळलो. "काका, आपलं नाव काय?"

"होलमुरोद. जामा खांद्यात जरा घट्ट होतोय."

"आणि आपण इथे काम काय केलंत?"

"बघितलं."

"नुसतं बघितलं?"

"नुसतं कसलं? नीट बघितलं." त्यांनी भाताचा घास घेतला. "मी टॉकीजमध्ये पिक्चर दाखवायचं यंत्र चालवायचो. भिंतीत एवढंसं भोक, त्यातून बघायचं. पण शेवट जवळ आला की दिवे लावा, दारं उघडा, रिळं गुंडाळा. एका पिक्चरचा शेवट धड बघायला मिळाला नाही. टॉकीज बंद पडलं तेव्हा ठरवलं, कुठं काही घडत असेल ते शेवटापर्यंत बघायचं. नानवाल्याची भट्टी बांधताना बघितली, पोस्टाचा जिना होताना बघितला. तुमचं छत फार लांबलं. पण शेवट झकास!"

"रोज पाठीला नजर टोचायची," उस्ता म्हणाले. "मला वाटायचं, बाईंनी पहारा बसवलाय. त्या धास्तीनं एक फूल पुसून पुन्हा काढलं."

"तिसऱ्या तुळईवरचं. पहिलंच बरं होतं."

उस्तांनी मान वर करून तुळईकडे बघितलं आणि तुळईवर नजर असतानाच त्यांना हसू फुटलं.

तेव्हा कुठं होलमुरोदकाकांनी मला विचारलं, "हा जामा यांचा होता का रे?"

मी हो म्हटलं. काकांनी बाही कुरवाळली. मग उठले. "चला उस्ता, बाजारात चहा पिऊ."

त्यांनी उस्तांचा दंड धरला आणि भर बाजारातून फिरवलं. मीही मागोमाग गेलो, नवीन काय घोळ होतो ते बघायला. खरबूजवाल्यापासून लोहारापर्यंत ज्यानं त्यानं विचारलं, "काका, हा जामा कसला?"

"मोहिराबाईंच्या छताचा! मी आपलं नुसतं बघितलं, तरी हा मिळाला. ज्यानं रंगवलं, त्याचा अजून शिवून व्हायचाय!"

संध्याकाळपर्यंत गावभर झालं होतं की उस्ता नेमतला जरीच्या वेलींचा जामा मिळणार. रंगरेजाच्या घरून त्याच्या छतासाठी बोलावणंही आलं. उस्तांचं नाव वाचलं, अडकली आत्या.

"जरीचा? मी कधी म्हटलं जरीचा?"

"आत्या, आता गाव म्हणतंय."

"गावाला सांगणारा कोण होता? आणि त्याच्या अंगावर जामा घालणारा कोण होता?"

तेव्हापासून सुट्टीला आलो की मी ओसरीवर बसून सुईत जरीचा धागा ओवून देतो. साधा, बाजारातला जामा आता चालणार नाही. बाजाराच्या दिवशी उस्ता दारावरून जाताना सायकल थांबवतात. "काय बाई, बाही आली का?"

"उजवी आली!" आत्या आतून ओरडते.

डावी परवाच पुरी व्हायची होती. पण होलमुरोदकाका आता रोज खांद्यात घट्ट होणारा आपला जामा घालून तुतीखालून हे शिवण बघत बसलेले असतात. परवा जेवण झाल्यावर ते म्हणाले, वेलीचं टोक मनगटाकडे वळायला हवं होतं, हे कोपराकडे वळलंय.

आत्या उसवते आहे.