आईचा गॉगल

मंगळवारी आईला बारामतीला तपासणीला नेलं होतं. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन होऊन महिना झाला. डॉक्टरांनी तिला डावा डोळा हाताने झाकायला सांगितलं. मी चार पावलांवर समोरच उभी होते... आणि आई विचारत होती, "पोरगी कुठं गेली?"

बांधावर उभी राहून फाट्यावर कुणाची गाडी वळली ते सांगणारी माझी आई...

डोळ्यात मांस वाढलं होतं. कोपऱ्यातून सुरू होऊन पार बुबुळावर आलेलं. डॉक्टर म्हणाले, ऊन, धूळ, वारा... शेतात काम करणाऱ्यांना हे फार होतं. मांस काढलं, पण खाली डाग राहिलाय. त्या डोळ्याला आता एवढंच दिसणार. डाव्यातही सुरुवात झालीय, तो तरी उन्हापासून जपा.

मग त्यांनी सहज विचारलं, "मावशी, उन्हात कधी गॉगल नाही का लावला?"

"व्हता एक. हारावला," आई म्हणाली. माझी मान खाली गेली, कारण तो कसा 'हरवला' ते मला माहीत होतं.

आमचं रान सुप्याजवळ. बाजरी, कांदा, आणि सावलीला म्हणून एक बाभळ. सहा-सात वर्षांपूर्वी आईचे डोळे सारखे लाल व्हायला लागले, पाणी यायचं. तेव्हा मीच बारामतीहून चांगला गॉगल आणला होता. लाजत लाजत का होईना, ती तो लावून कांदा काढायला गेली.

डोक्यावर पदर, त्यावर टॉवेल आणि खाली काळा गॉगल... मला हसूच आवरेना. पटकन फोटो काढला आणि स्टेटसला टाकला, 'सुप्याची हिरॉईन'. संध्याकाळपर्यंत सगळी भावकी हसत होती. दुसऱ्या दिवशी आई गिरणीत दळण टाकायला गेली तर तिथेही 'या हिरॉईन'!

आईपण हसली होती त्या दिवशी. म्हणून मला वाटलं, चालतंय.

त्यानंतर गॉगल दिसला नाही. एकदा विचारलं तर म्हणाली, "घाम येतो गं त्यात." मीही विषय सोडून दिला. मी मात्र रोज स्कूटीवरून गॉगल लावून, स्कार्फ बांधून ऑफिसला जात होते. मला कधी कोणी हिरॉईन म्हणालं नाही.

मंगळवारी दुपारी घरी आलो. तिची फाइल ठेवायला कपाट उघडलं, तर साड्यांच्या खाली ती गॉगलची डबी. आत फडक्यात गुंडाळलेला गॉगल... एक ओरखडा नाही. मी तिथेच बसले.

बाहेर ओट्यावर आई दवाखान्यातून दिलेला काळा चष्मा लावून बसली होती. धाकटी काकू दूध घेऊन आली, "बरं दिसतंय का आता, आक्का?" म्हणाली, थोडं टेकली आणि गेली. हसली नाही. ऑपरेशनच्या चष्म्याला कोणी हसत नाही आमच्याकडे.

काकू गेल्यावर मी डबी आईच्या हातात दिली. तिने चाचपली आणि ओळखली. "तू मला तेव्हाच का नाही बोललीस?" मला रडूच फुटलं.

"लोकांचं काय न्हाय गं," ती म्हणाली. "पर तू बी हसलीस."

आवाजात राग असता तर बरं वाटलं असतं. ती तर माझ्याच पाठीवरून हात फिरवत होती. "रडू नको. काढ की फोटू आता, आता कोन बी हसायचं न्हाय."

फोटो नाही काढला. काळा चष्मा काढून तो जुना गॉगल पदराने पुसला आणि तिच्या डोळ्यांवर लावला. "छान दिसतेस, आई," म्हटलं.

"व्हय?" ती म्हणाली, आणि तिने पदर सारखा केला.

फोटो काढला त्या दिवशीच एवढं म्हणायला हवं होतं मी... एका डोळ्यासाठी उशीर झाला. दुसऱ्यासाठी तरी वेळ आहे.