पाच वेळच्या जागी एक थेंब

बडनेऱ्याच्या स्टेशनाबाहेर माणिकबाई फुलं विकते. नांदगाव खंडेश्वरच्या वाटेवर त्यांचं दोन एकर शेत आहे. फुलं पिकवायची नवऱ्यानं, सहदेवनं, आणि ओवायची हिनं, असं तीस वर्षं चाललं आहे. हात इतका बसलेला, की गिऱ्हाइकाशी भाव ठरेपर्यंत हार पुरा व्हायचा. पण मागच्या वर्षी तिच्या उजव्या डोळ्यानं दगा दिला.

डोळा लाल झाला तेव्हा तिला वाटलं, शेवंतीचं काही डोळ्यात उडालं असेल. आठवड्यानं उजेडच सोसेना, तशी सून हर्षा तिला अमरावतीच्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन गेली. तिथल्या डॉक्टर इफ्फत वयानं लहान, पण बोलायला शांत. त्यांनी डोळ्यात पिवळं औषध सोडलं, निळा उजेड टाकला आणि पडद्यावर दाखवलं. बुबुळावर जखम होती, निष्पर्ण झाडाच्या फांद्यांसारखी. तापात ओठावर जे फोड उठतात, त्यांचाच विषाणू डोळ्यात शिरलाय, असं त्यांनी सांगितलं. वेळेत आवरला नाही तर डोळ्यात फूल पडेल, म्हणजे पांढरा डाग राहून नजर जाईल. जन्मभर फुलांवर पोट भरणाऱ्या माणिकबाईला ह्या फुलाची मात्र धडकी भरली.

मलम दिवसातून पाच वेळा लावायचं होतं. लावलं की अर्धा तास सगळं धूसर, आणि त्या अर्ध्या तासात सुई बोटात. तरी तिनं एक वेळ चुकवली नाही आणि डोळा बरा झाला.

आठ महिन्यांनी तो पुन्हा उठला. ह्या खेपेला इफ्फत मॅडमनी एक नवं औषध पुढे केलं. विषाणूवरचंच औषध, पण डोळ्याला दिसणार नाहीत इतक्या बारीक कणांत भरलेलं. कण बुबुळाला चिकटून राहतात आणि औषध दिवसभर थोडंथोडं सोडतात, म्हणून सकाळी एकच थेंब पुरतो. अजून त्याची तपासणी चालू आहे, इच्छा असेल तरच घ्या, आणि घेतलं तर डोळ्यात दुसरं काही टाकायचं नाही, असं त्यांनी दोनदा बजावलं. हर्षानं कागद वाचून दाखवला. माणिकबाईनं सही करण्याआधी एवढंच विचारलं, "त्या कणाले कसं समजते, आता दुपार झाली म्हणून?"

मॅडम हसल्या. त्याला काही समजत नाही, म्हणाल्या, खडीसाखर तोंडात धरली की जशी हळूहळू विरघळते तसंच हे. माणिकबाईनं मान हलवली. पण खडीसाखर ती कडाकडा चावून खायची, त्यामुळे दाखला काही तिच्या मनात नीट बसला नाही.

पहिला दिवस गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी डोळा तिला रिकामा रिकामा वाटायला लागला. पाच वेळांची सवय झालेली. सकाळचा तो थेंब एव्हाना कुठे वाहून गेला असेल, कोण जाणे. घरी फळीवर जुन्या मलमाची अर्धी ट्यूब होती. तिनं इवलंसं मलम लावलं आणि मनाला सांगितलं, हे दुसरं औषध नाही, हे तर आपलंच. दर दोन दिवसांनी तपासणी व्हायची. दुसरं काही टाकता का, असं मॅडम विचारायच्या आणि ती नाही म्हणायची.

नवव्या दिवशी जखम पार भरली. मॅडम खुश झाल्या. असे चाळीस जणांचे डोळे आम्ही तपासतोय, सगळ्यांचं असंच निघालं तर पुढे कुणाला पाच वेळा मलम लावायला नको, असं त्या म्हणाल्या. ते ऐकून माणिकबाईला फळीवरची ट्यूब आठवली. आपल्या डोळ्यावर विसंबून उद्या लोक एका थेंबावर राहणार, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं.

सहदेवचं म्हणणं सरळ होतं. "डोया बरा झाला ना? मंग कायले बोलतं?" हर्षा म्हणाली, सांगून टाका. माणिकबाईला दोघांचंही पटत होतं. न सांगावं तर खोट्याचं पाप, आणि सांगावं तर एखाद्या चांगल्या औषधाला उगाच बट्टा. दोन दिवस तिनं हारात रंग चुकवले.

तिसऱ्या दिवशी ती एकटीच गेली. "मॅडम, म्या त्याच्यासंगं जुनं मलम बी लावलं."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. किती दिवस, किती वेळा, असं विचारलं. तिला धड आठवेना. कधी दोनदा, कधी तीनदा, एका दिवशी लग्नाची ऑर्डर होती तर लावलंच नाही. मॅडमनी ते सगळं लिहून घेतलं. उघडलेली ट्यूब महिन्याभरात फेकायची असते, हेही ऐकवलं. मग म्हणाल्या, "मी दर वेळी विचारत होते ना, दुसरं काही टाकता का?"

"दुसरं नाई टाकलं. हे घरचंच व्हतं."

उद्यापासून आपण असं विचारायचंच नाही, घरात डोळ्यांचं जे जे असेल ते पिशवीत घालून आणायला सांगायचं, असं मॅडमनी शेजारच्या सिस्टरला सांगितलं. माणिकबाईची नोंद राहील, पण औषधाच्या निकालात तिचा डोळा धरता येणार नाही, असंही त्या म्हणाल्या.

"मंग माया डोया कायनं बरा झाला?"

"ते आता मलाही सांगता येणार नाही, मावशी."

डॉक्टरला सांगता येत नाही, असंही काही असतं, हे तिला नवीनच होतं.

डोळा पुढेही बरा राहिला. दसऱ्याचा झेंडू तिनं बोटात एकदाही सुई न टोचता ओवला. दिवाळीनंतर अकोल्याहून थोरल्या बहिणीचा, पार्वताबाईचा फोन आला. तिचाही डोळा लाल झाला होता, आणि तिला एका थेंबाच्या औषधाचं नाव पाहिजे होतं. ते चांगलं की मलम चांगलं, असं ती खोदून खोदून विचारत होती.

"मले खरंच नाई समजत, बाई," माणिकबाई म्हणाली. "तू ये. घरी डोयाचं जे असन ते सारं घेऊन ये."

पार्वताबाई आली. दवाखान्यात तिच्या पिशवीतून चार बाटल्या आणि काजळाची एक डबी निघाली. मॅडमनी पापणी उलटून पाहिली, तर विषाणू वगैरे काही नव्हतं. गवताचं कुसळ रुतलं होतं. ते चिमट्यानं निघालं, साधे थेंब मिळाले. पण एवढ्या लांबून येऊन आपल्याला ते नवं औषध काहून दिलं नाही, म्हणून पार्वताबाई बडनेरा येईपर्यंत कुरकुरत राहिली.